चूल एकच

पबित्रा घिमिरे तीन बस बदलून आली आहे
माझ्या खिडकीपाशी. अ‍ॅक्रन, जानेवारी, उणे अकरा.
कडेवर धाकटा, हाताला थोरला, सातवा महिना,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याची पगारपावती,
पाच प्रती.

पाच दारं, म्हणून पाच.
धान्याचं कार्ड, दवाखान्याचं कार्ड, बाळंतिणीचं दूध,
घरभाड्याची मदत, थंडीतल्या गॅसची मदत.
प्रत्येक दारात तोच प्रश्न: घरात माणसं किती?
आणि प्रत्येक दाराची मोजदाद न्यारी.

धान्यवाले मोजतात एकत्र जेवणारे. सहा.
दवाखान्यावाले, एका करपत्रकावरचे. चार.
भाडेवाले, करारावर ज्यांची नावं. पाच.
दूधवाले पोटातलंही धरतात. सात.
गॅसवाल्यांनी अजून मोजलेलं नाही,
त्यांचा फोन अडीच तास सनई वाजवतो.

म्हणजे सोळा वर्षांची भाची मेनुका
कागदोपत्री जेवते, पण आजारी पडत नाही,
आणि राहत तर कुठेच नाही.
सासरे राहतात, जेवतात,
त्यांचा खोकला मात्र कोणाच्याच खात्यावर नाही.

माझे वडील पारनेरला पुरवठा शाखेत कारकून होते.
भाऊ वेगळे झाले की विभक्त शिधापत्रिका मागायला येत,
दादा चष्मा वर करून एवढंच विचारत:
चूल एक की दोन?
खोटं बोलणाऱ्याच्या घरी तलाठी जाऊन
राख मोजून येई, असं ते सांगत. खरं असेल-नसेल.
लाचही खात असतील थोडी, मी विचारलं नाही.
पण प्रश्न एकच होता.

इथे तिसऱ्या मजल्यावरचा संगणक
चौथ्या मजल्यावरच्याशी बोलत नाही.
जावाजावांचा असतो तसा अबोला,
निरोप पोचवायला मधे एक लेकुरवाळी बाई.

मग नोव्हेंबरात डेल्फीन प्रुइट, चौथा मजला, गॅस,
लिफ्टमध्ये मला म्हणाली, तुझी घिमिरे तीच का माझी घिमिरे?
तीच. त्या दिवसापासून गुरुवारी
आम्ही चौघी एका टेबलाशी बसतो,
तळघरात, जुन्या झेरॉक्स मशीनशेजारी.
वरून परवानगी आहे की नाही, ते वरच्यांना ठाऊक.
डेल्फीन शिजवलेले राजमे आणते, मी पोहे.

आज गुरुवार. दुभाषा आला नाही, रस्त्यात बर्फ.
मी अर्ज फिरवला, बोटानं रकाना दाखवला,
आणि तोंडातून निघून गेलं: चूल?
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग हसली, जानेवारीत पहिल्यांदा.
“चुलो एउटै हो,” म्हणाली,
आणि अर्जाच्या समासात तिनं ते लिहिलंही,
माझ्याच अक्षरांत, तिच्या भाषेत.

डेल्फीननं विचारलं, काय म्हणतेय?
सहा, मी म्हटलं. सगळीकडे सहा लिहा.
दूधवाली म्हणाली, माझ्याकडे सातच.
बरं, तुझ्याकडे सात.

चार अर्ज दुपारपर्यंत संपले.
भाड्याचा परत येईल, मला दिसतंय,
करारावर मेनुकाचं नाव चढवायला घरमालक राजी नाही
आणि घरमालकाला आमचं टेबल लागू नाही.
सासऱ्यांचा खोकला पुढच्या गुरुवारी.

निघताना तिनं उरलेल्या चार प्रती पुढे केल्या.
या कुठे देऊ?
कुठेच नको, मी म्हटलं. तिला ते पटेना,
घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवू लागली,
तेवढ्यात थोरल्यानं एक ओढून घेतली
आणि बापाच्या पगाराच्या पाठकोऱ्या बाजूवर
माझ्या निळ्या पेनानं चित्र काढलं.

मला वाटलं घर काढेल. चूल, धूर, सहा माणसं.
त्यानं बस काढली.
खिडक्या मोजून काढल्या,
आणि प्रत्येक खिडकीत आई.